मामंजींचं घड्याळ परत द्या

ताई, मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे, सात वर्षं झाली. लग्नानंतर दोनच महिन्यांनी लॉकडाउन लागला, मी सासरी कराडला आले आणि इथूनच काम करत राहिले. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे त्यांना गाव सोडता येत नाही. दुपारी दुकान बंद करून ते जेवायला येतात. मामंजी साखर कारखान्यातून रिटायर झालेत. मुलगी चार वर्षांची, बालवाडीतून साडेबाराला येते. माझं टेबल देवघराशेजारी आहे. कुणी पाव्हणं आलं, गॅसवाला आला, कुकर झाला, की हाक मलाच. ‘घरीच तर असतेस.’ पाच मिनिटं उठले की टीम्सवरचा (ऑफिसच्या चॅटचं ॲप) माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. मॅनेजर एकदा म्हणाले, ‘तुम्ही बऱ्याचदा अवे दिसता.’ तेव्हापासून उठताना मी माउस मामंजींच्या जुन्या एचएमटीवर ठेवते. सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं आपण हलतोय, आणि ठिपका हिरवा राहतो. मामंजी महिनाभर घड्याळ शोधतायत. रात्री साडेआठला अमेरिकेचा कॉल असतो, तो कधी दहापर्यंत चालतो. दोन वर्षं मधलंच रेटिंग मिळालं. माझ्यानंतर लागलेली मुलगी लीड झाली. आता मेल आलाय, पुढच्या तिमाहीपासून आठवड्याला तीन दिवस ऑफिस. सासूबाई म्हणतात, सोड नोकरी, दुकानात बस. दुकानावर एक माडी रिकामीच आहे, खताच्या मोकळ्या गोण्या पडल्यात, तिथे बसून दुकानाचा हिशेब बघ म्हणतात. मी काय करू?
हिरवा ठिपका, कराड

*

घड्याळ आजच परत द्या. बाकीचं त्यानंतर.

तुम्ही पाप केलंत म्हणून नाही म्हणत. रात्री दहापर्यंत कॉलवर बसणारी बाई दुपारी मुलीला भात कालवून द्यायला वीस मिनिटं उठली, तर कंपनीचं काही बुडत नाही. पण ही युक्ती तुम्हाला वाटते तितकी गुप्त नाही. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने २०२४ साली डझनभराहून जास्त माणसं काढली, ती कीबोर्ड चालू असल्याचा नुसता देखावा केल्याबद्दल. कंपनीच्या लॅपटॉपवर काय काय नोंदलं जातं ते आपल्याला कुणी बोलावून सांगत नाही. माउस अर्धा तास थरथरतोय आणि एक अक्षर टाइप झालेलं नाही, हे ज्याला शोधायचंय त्याला सापडतं. सापडलं की मग सात वर्षांचं काम कुणी काढून बघत बसत नाही.

आणि मला खुपलं ते वेगळंच. ठिपका हिरवा ठेवून तुम्ही मॅनेजरला सांगता की इकडे सगळं सुरळीत आहे. कॉल संपला की हेडफोन काढून थेट ओट्यापाशी जाता आणि घरच्यांना सांगता की फार काही नव्हतं. तिकडे घर लपवताय, इकडे काम लपवताय. मग तिकडे रेटिंग मिळत नाही आणि इकडे हाका थांबत नाहीत.

सासूबाईंचं आधी बोलते, कारण पत्रातला निम्मा राग त्यांच्यावर आहे. मला त्या दुष्ट वाटत नाहीत. नवरा साखर कारखान्यात होता, म्हणजे त्यांनी आयुष्यभर काम म्हणजे काय ते कसं पाहिलं? भोंगा झाला की माणूस डबा घेऊन गेला, पाळी सुटली की आला. गेला तो कामावर, आला तो घरी. गळीत हंगामात रात्रपाळी असली तरी दिवसा माणूस घोरताना दिसायचा, पोरांना गप्प बसवायला तेवढं पुरे होतं. तुमच्या कामाला भोंगा नाही. तुम्ही देवघराशेजारी बसता, समोर स्क्रीन, कानात काहीतरी घातलेलं. त्यांना दिसतं ते एवढंच. त्यातला कॉल कुठला आणि मैत्रिणीशी गप्पा कुठल्या, हे त्यांनी कशावरून ओळखायचं?

माझ्या वडिलांचं सांगते. ते एसटीत होते. २०२० च्या पावसाळ्यात मी महिनाभर माहेरी राहून काम करत होते. रोज दुपारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, ‘ऊठ, जेव, त्या डबड्यापुढे किती वेळ बसशील.’ एके दिवशी मी त्यांना शेजारी खुर्ची दिली आणि एक इयरफोन त्यांच्या कानाला लावला. (त्या कॉलवर गुपित काही नव्हतं. असतं तर हे केलं नसतं, तुम्हीही बघूनच करा.) सर्व्हर बंद पडला होता आणि सहा जण एकमेकांवर ढकलत होते. अर्धा तास त्यांनी शांतपणे ऐकलं. इंग्रजी निम्मंच कळलं असेल. कॉल संपल्यावर म्हणाले, ‘अगं, हे तर आमच्या डेपोसारखंच की. गाडी फेल झाली की ड्रायव्हर म्हणतो वर्कशॉपची चूक, वर्कशॉप म्हणतं ड्रायव्हरची.’ दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या तर बाहेरून त्यांचा आवाज ऐकू आला, ‘ती कामावर आहे.’ घरी आहे असं नाही म्हणाले.

तर एक दिवस सासूबाईंना शेजारी बसवा. मामंजींनाही. एखादा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, सापडतो कसा, ते दाखवा. फॉर्ममध्ये वयाच्या रकान्यात उणे पाच टाकलं आणि सॉफ्टवेअरने ते निमूट घेतलं, हे बघून कुणालाही हसू येतं. कामाचा महिमा सांगून जे साधत नाही ते असं साधतं.

आता मिस्टरांकडे येते, ज्यांच्याबद्दल पत्रात तक्रारीचा एक शब्द नाही. ते दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला येतात. मुलगी साडेबाराला येते. मग तिला आणणं, तिचे हातपाय धुणं, ताटावर बसवणं हे देवघराशेजारच्या टेबलावरून उठून तुम्हीच का करता? दुकान पाऊण तास आधी बंद केलं तर युरिया पळून जात नाही. हे त्यांना विचारलंय का एकदा तरी? की त्यांनाही वाटतं, घरीच तर असते?

आता माझ्या बाजूचं. मी बावीस वर्षं अशाच कंपन्यांत काढली, शेवटची काही मॅनेजर म्हणून. रेटिंगची बैठक कशी असते ते तुम्ही पाहिलेलं नसणार, म्हणून सांगते. एक काचेची खोली, पाच-सहा मॅनेजर, एचआरची एक मुलगी, पडद्यावर एक्सेल. एकेक नाव वाचायचं, ज्याला जे माहीत असेल ते त्याने बोलायचं. अशाच एका बैठकीत नागपुरातून काम करणाऱ्या एका मुलाचं नाव आलं. काम चोख, मुदत कधी चुकली नाही. नाव वाचलं आणि खोलीत चार-पाच सेकंद कुणी बोलेना. त्याच्याबद्दल कुणाचंच मत वाईट नव्हतं, फक्त कुणाला काही आठवत नव्हतं. तिथलाच एक जण मोबाइलवर बोट फिरवायला लागला. मी त्याची मॅनेजर. माझ्या तोंडून काय निघावं? ‘हो, स्टेडी आहे.’ झालं. स्टेडी म्हणजे मधलं रेटिंग. पुढचं नाव पुण्यातल्या एका मुलाचं होतं, जो रोज सव्वाचारला त्या खोलीतल्या तिघांबरोबर चहा प्यायचा. त्याच्यावर दहा मिनिटं चर्चा झाली, त्याच्या चुकांसकट. त्याला बढती मिळाली. नागपूरचा मुलगा सहा महिन्यांनी राजीनामा देऊन गेला. त्याचं काम दोघांत वाटताना आम्हाला कळलं की तो काय काय करत होता.

हे फक्त माझ्या हातून झालं असतं तर सांगितलंही नसतं. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीस एक प्रयोग सुरू केला. घरून काम करायला तयार असलेल्यांतून सम जन्मतारखेचे घरी बसवले आणि विषम तारखेचे ऑफिसात ठेवले. नऊ महिन्यांनी घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्के जास्त भरलं. पण तेवढ्याच कामाला ऑफिसातल्याला बढती मिळण्याची शक्यता घरून काम करणाऱ्यापेक्षा जास्त निघाली. प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे आपण होऊन ऑफिसला परत गेले, एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण. आणि तुमच्यासाठी खास एक तपशील : त्या प्रयोगात घरी बसायचं तर स्वतंत्र खोली असलीच पाहिजे, अशी अट होती. देवघराशेजारचं टेबल तिथे नापास झालं असतं.

तेव्हा ठिपका सोडा आणि लिहायला लागा. गिटलॅब नावाच्या कंपनीला ऑफिसच नाही, तिथलं सगळं लिहिण्यावर चालतं आणि त्यांची कामाची पद्धत कुणालाही इंटरनेटवर वाचता येते. तुम्ही एवढं करू नका. रोज संध्याकाळी मॅनेजरला चार ओळी पुरेत. अशा :

‘आज पेमेंटच्या स्क्रीनवरचे १४ टेस्ट केस पूर्ण केले, २ डिफेक्ट टाकले. दुसरा गंभीर आहे, रिफंड दोनदा जातोय. नवं बिल्ड उद्या सकाळी १० पर्यंत मिळालं तर शुक्रवारची रिलीज अडत नाही. १२.३० ते १.१५ मी रोज जागेवर नसते, कॅलेंडरवर टाकलंय.’

शेवटची ओळ लिहिताना हात थरथरेल. तरी लिहा. ‘अवे दिसता’ म्हणणारा मॅनेजर बहुतेक वेळा ‘कुठे असता’ एवढंच विचारत असतो, त्याला उत्तर मिळालं की त्याचं समाधान होतं. (नाही झालं तर तो कसला मॅनेजर आहे हेही कळेल, आणि तेही कळलेलं बरं.) ‘रिफंड दोनदा जातोय’ हे वाक्य रेटिंगच्या खोलीत त्याला आठवेल. माझ्यापाशी त्या दिवशी असं एकही वाक्य नव्हतं. महिन्यातून एकदा त्यातली मोठी चार-पाच कामं निवडून वेगळी ठेवा, अप्रेझलच्या वेळी आठवत बसायला नको.

माडीचं मात्र सासूबाई नकळत फार चांगलं बोलून गेल्या. हिशेबासाठी नको, पण नोकरीसाठी का नाही? गोण्या हलवा, चुना मारून घ्या, खिडकी उघडी ठेवा, कारण खताचा वास भिंतीतून लवकर जात नाही. फायबरचं कनेक्शन आणि राउटरला एक छोटा यूपीएस लागेल, महावितरणचा दुरुस्तीचा वार चुकत नाही. क्लायंटचा डेटा अशा जागी उघडायला हरकत नाही ना, एवढं कंपनीला विचारून घ्या. आणि सकाळी साडेनऊला डबा घेऊन, चप्पल घालून, ‘येते हं’ म्हणून घरातून बाहेर पडा. सासूबाईंना तोच भोंगा. गॅसवाल्याला दार कोण उघडणार हा प्रश्न त्या पहिल्या दोन दिवसांतच सोडवतील.

आता कंपनीचा मेल. सगळ्यात आधी नेमणुकीचं पत्र काढा आणि बेस लोकेशन, म्हणजे कामाचं मूळ ठिकाण, काय लिहिलंय ते बघा. पुणे असणार. तसं असेल तर ‘मला घरूनच काम करू द्या’ हा हक्क म्हणून मागता येत नाही, आपल्याकडे खासगी नोकरदाराला तो देणारा कायदा नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा रजा २६ आठवड्यांची झाली आणि रजेनंतर घरून काम करण्याची सोय आली, पण तीही कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांचं जमलं तरच. तुमची मुलगी चारची झाली, ते दार आता जुनं झालं.

पण मागणी करता येते, आणि तुमची मागणी लंगडी नाही. उत्तर लिहिण्याआधी दोन गोष्टी विचारा. तीन दिवस म्हणजे दर आठवड्याला तीन, की महिन्याची सरासरी? आणि तुमच्या टीममधलं पुण्यात बसतंय कोण? मी अशी माणसं पाहिलीत जी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून ऑफिसला पोचतात आणि दिवसभर हेडफोन लावून बंगळुरू आणि टेक्सासशी बोलतात. शेजारी बसलेला दुसऱ्याच प्रोजेक्टचा. तुमचं असं असेल तर ते आकड्यांत लिहा : टीममधले किती जण पुण्यात, आठवड्याला किती कॉल, त्यातले पुण्यातल्या माणसांशी किती.

मग स्वतःहून प्रस्ताव द्या. दर पंधरवड्याला सलग तीन दिवस पुण्यात, आणि रिलीजच्या आठवड्यात पूर्ण. पहाटेची एसटी धरली की खंबाटकी ओलांडून नऊ-साडेनऊला स्वारगेट. दोन रात्री कुणा नातेवाइकाकडे किंवा पीजीत काढायच्या. त्या तीन दिवसांत डोकं खाली घालून टेस्ट केस चालवू नका, ते कराडात होतं. डेव्हलपरच्या शेजारी बसा, नव्या मुलीला शिकवा, जेवायला एकट्या जाऊ नका, सव्वाचारचा चहा चुकवू नका. चहाची मला लाज वाटते, पण तो चालतो हे खोटं नाही. मुलगी दोन रात्री बाबांपाशी झोपेल. पहिल्या वेळी रडेल, तुम्हीही रडाल, खंबाटकीच्या आतच.

कंपनी म्हणेल, नियम म्हणजे नियम. तेव्हा त्याच ब्लूम यांचा पुढचा अभ्यास उपयोगी पडेल. तीच कंपनी, आता ट्रिप डॉट कॉम, १,६१२ कर्मचारी, आठवड्यातले दोन दिवस घरून. २०२४ साली तो छापून आला. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, विशेषतः स्त्रियांमध्ये, मॅनेजर नसलेल्यांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. तुम्ही तिन्ही आहात. आणि या वेळी बढत्यांवर काही फरक पडलेला दिसला नाही, बहुधा उरलेले दिवस माणसं एकमेकांना भेटत होती म्हणून. हा पेपर मॅनेजरला पाठवू नका, पेपर पाठवलेले मॅनेजरला आवडत नाहीत. बोलता बोलता सांगा.

तरी ते नाही म्हणू शकतात. तीन दिवसांचे पाचही होऊ शकतात. टीसीएसने २०२० साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात लागणार नाहीत, आणि ऑक्टोबर २०२३ पासून तिथे आठवड्याचे पाच दिवस बोलावलं गेलं. म्हणून या मेलवरून राजीनामाही देऊ नका आणि पुण्यात फ्लॅटही बघू नका. हा प्रयोग तीन महिने करून बघा, आणि तेवढ्यात रेझ्युमे नीट करून ठेवा. सात वर्षांच्या टेस्टरला ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्रॅम लिहून टेस्ट आपोआप चालवणं, येत असेल तर बाजारात विचारतात. येत नसेल तर माडीवर पहिलं काम ते शिकण्याचं.

रात्रीच्या कॉलबद्दल माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झालेला नाही. शिवाय नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली की तुमचा साडेआठचा कॉल साडेनऊला सरकतो आणि मार्चपर्यंत तिथेच राहतो, हे तुमच्या घरी कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. सांगा त्यांना. टीमकडे आठवड्याचे पाचऐवजी तीन कॉल मागा, बाकी दोन दिवस लेखी. आणि ज्या दिवशी दहा वाजले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लॉगिन करा, कॅलेंडरवर लिहून.

दुकानात बसण्याबद्दल एवढंच : बसायला हरकत नाही, ते काम सोपंही नाही. पण आज महिन्याला तुमच्या नावावर पगार जमा होतो, पीएफ कापला जातो. दुकानात बसल्यावर काय जमा होणार, कुणाच्या खात्यात, हे आधी ठरवा. ते विचारल्यावर घरात शांतता पसरली तर तिचा अर्थ तुम्हाला लागेलच.

माडीतल्या गोण्या हलल्या की कळवा. आणि मामंजींना घड्याळ देताना ते विचारतील, महिनाभर कुठे होतं. कामावर होतं म्हणा.